भोंगा ‘र’ खातो

आमचं घर अब्बांच्या गळ्यावर चालायचं. कोणाचं शेतावर चालतं, कोणाचं दुकानावर, आमचं गळ्यावर. सायकलरिक्षाच्या टपाला बांधलेला एक भोंगा, सीटखाली ट्रकमधून काढलेली जुनी बॅटरी, मांडीवर आवाज वाढवायचं मशीन, हातात रुमाल गुंडाळलेला माईक, आणि त्यामागे अब्बा. गावात काहीही व्हायचं असलं की आधी अब्बांच्या तोंडून व्हायचं. नळाला पाणी येणार नाही, कोणाची म्हैस हरवली, शाळेत पोरांना डोस आहे, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, मैदानावर नाटक आहे. धान कापून झाल्यापासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असायचा आणि तेवढे महिने आमच्या चुलीवर दोन्ही वेळा भात शिजायचा. पावसाळ्यात मात्र कोण कशाची जाहिरात करणार? तेव्हा भोंगा खाटेखाली जायचा आणि अब्बा बसस्टँडच्या कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करत बसायचे. अम्मी विड्या वळायची. मी आणि शबाना, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तेंदूची पानं ओली करून द्यायचो. कवेलूच्या छपरातून पाणी कुठे कुठे पडतं ते आम्हाला पाठ होतं, आणि त्या पाण्याखाली कोणतं भांडं ठेवायचं तेही. लाखोळीची डाळ इतकी खाल्ली आहे की आज कोणी कौतुकाने पुढे केली तरी मी हात जोडते.

मी बारावीला होते. आमच्या घरात बारावीपर्यंत पोचलेलं तोवर कोणी नव्हतं, आणि हे मी दिवसातून चार वेळा कोणाला ना कोणाला ऐकवायची. पुढे ब्रम्हपुरीला कॉलेजात जायचं, बी.ए. करायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. अब्बांनी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. पण त्या वर्षी शेजारच्या तालुक्यातून एक जीप फिरू लागली होती. तिच्यावर दोन भोंगे, आत टेप. एकदा भरलेली कॅसेट, दिवसभर तेच. नाटक मंडळवाले त्या जीपकडे टक लावून बघायचे. बल्लारपूरचे मामा प्रत्येक ईदला म्हणायचे, दुल्हाभाई, सोडा तो भोंगा, माझ्या दुकानात या. अम्मीला मनातून ते पटत होतं. धंदा मोडला तर बल्लारपूरला जायचं, आणि जायचं म्हणजे लगेच, परीक्षेची वाट बघत कोण थांबतं. म्हणजे माझी बारावी तिथेच अर्धी राहणार, हे मला न सांगता कळत होतं.

आणि ऐन हंगामात एका रविवारी सकाळी अब्बा उठले, ‘चाय’ म्हणायला तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. अब्बा घरी आले आणि त्यांनी शबानाची पाटी उचलली. शबाना दुसरीत. “माझी पाटी,” म्हणून तिने भोकाड पसरलं. शेवटी तह झाला की अब्बांनी पाटी घ्यावी, पण प्रत्येक ओळ आधी तिला वाचायला द्यावी. ती वाचायची आणि चुका काढायची. “अब्बा, ‘आणि’ची वेलांटी पहिली असते.” ज्या माणसाचा आवाज चार गावं ऐकायची, तो खाली मान घालून ‘आणी’ खोडून ‘आणि’ लिहायचा. अम्मी तोंडाला पदर लावून हसायची. लग्नाला वीस वर्षं झाली, म्हणाली, पहिल्यांदा ह्या घरात मला बोलायला जागा मिळाली.

दुपारी देवाजीभाऊ आले. रिक्षा त्यांचीच. ते ढीवर समाजाचे, तलावाला पाणी असलं की मासोळ्या धरायचे आणि हंगामात रिक्षा ओढायचे. येताना पळसाच्या पानात बोटभर लांबीच्या मासोळ्या घेऊन आले.

“काय गा रशीदभाऊ, भोंगा फुटला म्हणते?”

अब्बांनी पाटीवर लिहिलं, ‘उद्या बजार.’

“मले वाचता येते का? पोरी, काय लिहून राह्यला हा?”

“उद्या बाजार आहे म्हणतात,” मी सांगितलं.

“ते तं मलेबी माहीत हाय. बोलन कोण?”

अब्बांनी पाटी पुसली आणि एकच शब्द लिहिला. शबानाने मोठ्याने वाचला, “नसीम.” मग म्हणाली, “बरोबर आहे, दुसरीच वेलांटी.”

अम्मी काय म्हणेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती मासोळ्या राखेत घोळत होती. “बोलू दे ना,” म्हणाली. “तसंही ही दिवसभर बोलतेच. पण नसीम, तू बोलते म्हणजे पॅसेंजर गाडी एक्सप्रेस होते. हळू बोल.” आणि घशासाठी एक गुळाचा खडा माझ्या ओढणीला बांधून दिला.

सोमवारचा बाजार कसाबसा पार पडला. गाडी फिरली ती नेहमीच्याच वाटेने, तलावाच्या पाळीवरून, राइस मिलच्या तुसाच्या ढिगाऱ्याजवळून, बसस्टँडवर. अब्बांची सुरुवात ठरलेली होती, “गाववाल्यांनो, काम थांबवू नका, फक्त कान द्या.” मी तेवढं म्हटलं आणि माझाच आवाज मिलच्या भिंतीवर आपटून परत आला, तशी मी दचकून माईक खाली टाकला. आलूबोंडेवाला झारा हातात घेऊन बघत राहिला. “रशीदभाऊची पोरगी होय,” देवाजीभाऊ वाटेतल्या प्रत्येकाला सांगत होते, कोणी विचारलं नाही तरी. संध्याकाळपर्यंत माझी भीती गेली. भीती गेली ती थोडी जास्तच गेली.

कारण मंगळवारी मी ठरवलं की आता ही जाहिरात सुधारायची. अब्बांचं बोलणं मला गावंढळ वाटायचं. चौथी शिकलेला माणूस, ‘डोळे पाहून देतीन’, ‘मोठा दवाखाना’, असं बोलायचा. मी बारावीची, मराठीत वर्गात पहिली. त्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी काम दिलं होतं. शनिवारी चंद्रपूरहून डोळ्यांचे डॉक्टर येणार, म्हाताऱ्या माणसांना तपासणार, मोतीबिंदू असला तर ऑपरेशनला नेणार. अब्बांनी पाटीवर लिहून दिलं, ‘शनवार आधी. मोठा दवाखाना मन. सरकारी नको.’ शबानाने ‘म्हण’ दुरुस्त केलं. मी पाटी पुसली. सरकारी दवाखान्याला सरकारी का म्हणू नये, हे माझ्या शिकलेल्या डोक्याला समजेना. मी वहीच्या कागदावर स्वतः मजकूर लिहिला. आजही पाठ आहे. “सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, सरकारी रुग्णालयात डोळ्यांची मोफत तपासणी करण्यात येणार असून, चंद्रपूर येथील तज्ज्ञ डॉक्टर उपस्थित राहणार आहेत, तरी गरजूंनी येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता लाभ घ्यावा.” अब्बांनी कागद वाचला, बोट हलवून नाही-नाही केलं, पाटीकडे हात केला. मी म्हटलं, अब्बा, तुम्हाला आराम सांगितला आहे ना. आणि निघाले. दिवसभर ते वाक्य मी एका दमात म्हणत फिरले. एकदा रस्त्याच्या वळणावर देवाजीभाऊ मागे पाहून म्हणाले, “लय लंबं आहे व पोरी. मोड आला तरी सरत नाई.” मी म्हटलं, शुद्ध मराठी असंच असतं, भाऊ.

आता ज्यांना आमच्या भागाची बोली माहीत नाही त्यांच्यासाठी एक सांगावं लागेल. आमच्याकडे ‘सकारी’ म्हणजे सकाळी. आणि दुपारी कोणी ‘सकारी ये’ म्हटलं तर त्याचा अर्थ उद्या सकाळी ये. दुसरा अर्थच नाही.

बुधवारी मी शाळेतून घरी येत होते तर दवाखान्यासमोर जत्रा. ओट्यावर, कडुनिंबाखाली, पंपाच्या चौथऱ्यावर, जिकडे तिकडे म्हातारी माणसं बसलेली. कोणी काठी टेकून, कोणी सुनेचा पदर धरून, कोणी बैलबंडीतून आलेली. सिस्टरबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“नसीम, तू काय सांगितलं काल ह्यांना?”

“शनिवारी शिबिर आहे म्हणून सांगितलं, बाई.”

“मग हे आज का आले?”

मी सगळ्यात जवळ बसलेल्या आजीकडे गेले. सोनाबाई तिचं नाव, दीड कोसावरच्या गावची, दोन्ही डोळ्यांत वाटीतल्या दह्यासारखं पांढरं. मी विचारलं, “आजी, तुम्हाला कोणी सांगितलं आज यायचं?”

तिने मान वाकडी करून माझा आवाज ओळखला. “तूच तं सांगितलं व माय. भोंग्यात.”

“मी काय म्हटलं?”

“सकारी डोळे तपासतीन म्हणून.”

“अहो आजी, मी ‘सरकारी’ म्हटलं. सरकारी.”

“होय ना. तेच म्हणून राह्यली मी. सकारी.”

“सकारी नाही, सरकारी.”

“मंग आली ना मी सकारी. तुले कितीदा सांगू?”

बाजूचे म्हातारबा हसायला लागले. मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात देवाजीभाऊ रिक्षा उभी करून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवत म्हणाले, “पोरी, हा भोंगा ‘र’ खाते. अध्धा ‘र’ तं गिळूनच टाकते. तुह्या बापाले माहीत हाय म्हणून तो कधी सरकारी म्हणत नाई. आन् ते शनवार तू शेवटी ठेवला. तोवर आपली गाडी मोडावरून गेली ना. लोकायनं पयलंच आयकलं, सकारी, डोळे, फुकट. चालू लागले.”

पाटीवरच्या तीन छोट्या वाक्यांचा अर्थ मला तिथे उभ्या उभ्या कळला. आणि ती वाक्यं मी ओल्या फडक्याने पुसली होती.

सिस्टरबाई वाईट नव्हत्या. पण त्यांच्यावर डॉक्टरांची जबाबदारी होती. त्या म्हणाल्या, “आता आज आलेली ही माणसं शनिवारी परत येतील का? एकदा खेटा झाला की गाव दुसऱ्यांदा हलत नाही. शनिवारी ओटा रिकामा राहिला तर पुढची सगळी कामं मला त्या जीपवाल्याला द्यावी लागतील. नाटक मंडळवालेही तेच म्हणत होते.” मला बल्लारपूरच्या मामांचं दुकान डोळ्यासमोर दिसलं, आणि काउंटरमागे अब्बा.

मी घरी पळत गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं, अब्बा रागावतील, पण रागवायला आवाज कुठे होता. त्यांनी पाटी घेतली, बराच वेळ खडू नुसता धरून ठेवला आणि लिहिलं, ‘चाय.’ मला वाटलं त्यांना चहा हवा आहे. अम्मीला बरोबर कळलं. तिने विड्यांचं सूप बाजूला सारलं, मोठा गंज चुलीवर चढवला, घरात होती तेवढी साखर त्यात ओतली, आणि मुरमुऱ्यांचं पोतं शबानाच्या डोक्यावर दिलं. “चूक आपल्या घरची आहे ना,” ती म्हणाली, “मग माणसं आपली पाहुणी झाली.” पुढे शबाना आणि मागे तो गंज उचलून अम्मी आणि मी, अशा दवाखान्यासमोर गेलो. मागून अब्बा, हातात सगळे मिळून सहा कप.

म्हातारी मंडळी आळीपाळीने चहा प्यायली. मग मी रिक्षावर चढले आणि माईक घेतला. कागद नव्हता. बोलायला लागले तर तोंडून घरातली बोलीच आली. “आजी, बाबा, चूक माही हाय. डॉक्टर आज नाई. सकारीबी नाई. शनवारी हाय, शनवारी. मले शहाणपणा आला म्हणून तुमाले खेटा झाला. मले माफी द्या आन् शनवारी या.”

मग सोनाबाई म्हणाली, “आता कसं समजलं.” आणि कपात मुरमुरे टाकून खाऊ लागली. देवाजीभाऊंनी तिला आणि तिच्या सुनेला रिक्षात बसवून गावी सोडलं. परत आल्यावर घाम पुसत मला म्हणाले, “पोरी, ह्या भोंग्याले बारावीचं मराठी नाई समजत. त्याले चौथीचंच दे.”

गुरुवारी सकाळी मी अब्बांसमोर पाटी ठेवली आणि खडू हातात दिला. अब्बांची शाळा तासभर चालली. भोंगा कोणती अक्षरं खातो, कोणती वाढवून देतो. ‘शिबिर’ म्हणायचं नाही, ते ‘शिवी’ ऐकू येतं. ‘मोफत’ चालतं, ‘फुकट’ जास्त लांब जातं. वार आधी, वार शेवटी, मध्ये काम. मोडावर येण्याच्या आत वाक्य संपलं पाहिजे. वारा ज्या बाजूने येतो तिकडे तोंड करून बोलायचं नाही. राइस मिल चालू असली तर तिथे थांबायचंच नाही, बॅटरी वाया जाते. एवढं ज्ञान ह्या माणसाच्या डोक्यात होतं आणि मी त्याला चौथी पास म्हणत होते. आज मी स्वतः शाळेत मराठी शिकवते, पन्नाशी मागे पडली आहे, पण वर्गात वाक्य लांबू लागलं की मला अजून तो मोड दिसतो.

दोन दिवस आम्ही फिरलो. गाव झालं, मग आसपासच्या वाड्या. “शनवारी. शनवारी मोठ्या दवाखान्यात डोळे पाहतीन. आज नाई, सकारी नाई, शनवारी.” तळ्याच्या पाळीवर कपडे धुणाऱ्या बाया हसायच्या, कारण बुधवारचा किस्सा आमच्या आधी पोचलेला असायचा. शुक्रवारपर्यंत असं झालं की मी ‘आज नाई’ म्हटलं की रस्त्यावरची सगळी माणसं एका सुरात ‘सकारी नाई’ म्हणायची, आणि ‘शनवारी’ मी आणि ते मिळून. पानठेल्यावर, चक्कीवर, बसच्या खिडकीतून. वाटेत एकदा ती जीप आमच्या बाजूने गेली. टेपवर कोणीतरी भारदस्त आवाजात ‘नागरिकांना कळविण्यात येते की’ म्हणत होता. देवाजीभाऊ पॅडल थांबवून म्हणाले, “पाह्य, तुह्या मंगळवारचा भाऊ चालला.”

शुक्रवारी संध्याकाळी मात्र मला जेवण गेलं नाही. हसणारी माणसं येतीलच असं थोडंच आहे. अम्मीने संभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, चटणी वाटली होती, मासोळीचा रस्सा केला होता, मी भातात बोट फिरवत बसले. अब्बांनी पाटीवर लिहिलं, ‘जेव.’ शबाना म्हणाली, “ह्यात काही चूक नाही.”

शनिवारी मी आठ वाजता गेले तेव्हा ओट्यावर जागा नव्हती. बुधवारची माणसं होती आणि त्यांच्याबरोबर नवी, कारण प्रत्येकाने आपल्या गावात जाऊन किस्सा सांगितला होता आणि सांगताना वारही सांगावा लागला होता. सिस्टरबाई नावं लिहून लिहून थकल्या. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात डोस आहे. सांगशील ना? मोठा दवाखाना म्हणून.” त्यांच्यामागे नाटक मंडळाचे सेक्रेटरी स्वतःच्या आईला घेऊन रांगेत उभे होते. त्यांनी काही म्हटलं नाही. पण सोमवारी त्यांच्या नाटकाचा कागद आमच्या घरी आला, जीपवाल्याकडे गेला नाही.

सोनाबाईचं नाव ऑपरेशनच्या यादीत लागलं. दोन महिन्यांनी ती बाजारात भेटली, डोळ्यांवर जाड काचेचा चष्मा. माझा आवाज ऐकून थांबली, जवळ आली, माझी हनुवटी धरून वर केली. “अव,” म्हणाली, “तू तं लहानशी पोट्टी हायस. आवाजानं मले तू मोठी बाई वाटली होती.” आणि टोपलीतले दोन सीताफळासारखे मोठे टमाटर माझ्या हातात ठेवले. गावात माझं नाव तेव्हापासून ‘सकारी’ पडलं. अजूनही माहेरी गेले की जुने लोक म्हणतात, कधी आली, सकारी?

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, अब्बांचे आठ दिवस संपले. आम्ही सगळे खाटेभोवती बसलो, देवाजीभाऊही आले. अब्बांनी कोमट पाण्याचा घोट घेतला, घसा खाकरला, आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि सावकाश, ‘र’ लांबवून म्हणाले, “सरऽऽकारी.” एवढंच. मग पाटी शबानाला परत केली.

हंगामभर आम्ही वाटून बोललो. बाजार आणि वाड्या माझ्याकडे, नाटकं त्यांच्याकडे. बारावीची परीक्षा मी आमच्याच गावात दिली. पुढे ब्रम्हपुरीला कॉलेजात गेले, दर शनिवारी एस.टी.ने घरी यायची आणि रिक्षावर बसायची. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी बसमधून उतरले तर स्टँडवर देवाजीभाऊंची रिक्षा उभी, आणि माईकमागे अब्बा. त्यांना कॉलेजातून कोणीतरी आधीच फोन केला होता.

“गाववाल्यांनो, काम थांबवू नका, फक्त कान द्या. आज. माही पोरगी नसीम बी.ए. पास झाली. पेढे माह्या घरी. सकारी नाई, आज.”

मी बी.ए. झाले. दुसऱ्या श्रेणीत, मराठी घेऊन. आमच्या घरात पहिली.